इन्फ्रारेडसाठी कॅनन ५० एमएम एफ/१.८: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

माझी बॉडी कॅनन ७००डी, ७२० नॅनोमीटरला कन्व्हर्ट करून घेतलेली, म्हणजे सेन्सरपुढचा फिल्टर बदलून फक्त डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टिपणारी. तिच्यावर सेकंडहँड घेतलेली ईएफ ५० एमएम एफ/१.८ टू, म्हणजे या लेन्सची दुसरी आवृत्ती. साध्या रंगीत फोटोंसाठी या किमतीत हिला तोड नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मी फक्त इन्फ्रारेडबद्दल लिहितोय.

पावसाळाभर मी हिच्यावर खूश होतो. ढगाळ उजेडात एफ/२.८ किंवा एफ/४ च्या पुढे जायची गरजच पडत नव्हती (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, बारीक). ऑक्टोबरात लख्ख ऊन पडलं आणि राजगडावर हिचं खरं रूप दिसलं. सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, मी फ्रेमच्या बरोबर मधोमध घेतलं होतं. इन्फ्रारेडमध्ये तिथे गवत आणि झाडी पांढरीशुभ्र, कातळ काळा आणि नेढ्यातून दिसणारं निळं आभाळ जवळजवळ काळं यायला हवं. ॲपर्चर एफ/११. स्क्रीनवर बघतो तर कडेचं आभाळ गडद आणि नेढ्यातलं राखाडी! मधोमध एक गोल, उजळ डाग. एफ/४ ला तो नव्हता, एफ/८ ला हजर होता, एफ/१६ ला तर त्याची कड बोटाने गिरवता आली असती.

यालाच हॉटस्पॉट म्हणतात. लेन्सच्या काचांवरचं कोटिंग डोळ्यांना दिसणारा प्रकाश उलटा परतू नये म्हणून केलेलं असतं. ७०० नॅनोमीटरच्या पुढे बऱ्याच लेन्समध्ये ते कुचकामी ठरतं. मग काचांच्या आत, ॲपर्चरच्या पात्यांवर, सेन्सर आणि मागची काच यांच्यामध्ये उजेड उलटसुलट आपटत राहतो आणि मधोमध गोळा होतो. ॲपर्चर जितकं बारीक, तितका डाग लहान आणि ठळक. म्हणून लेन्स महाग आहे, शार्प आहे, यावरून इन्फ्रारेडमध्ये काहीच ठरत नाही.

कन्व्हर्ट करून देणाऱ्या दुकानाला फाइल पाठवल्या. उत्तर आलं: सेन्सरवर धूळ असेल, बॉडी पाठवा, सफाईचे पैसे वेगळे पडतील. अहो, धुळीचा ठिपका काळा पडतो, उजळ नाही! त्याच बॉडीवर किटमधली १८-५५ लावून तेच आभाळ एफ/११ ला काढलं. डाग नाही. ती फाइल पाठवल्यावर म्हणाले, मग लेन्सचा दोष, आमचा नाही. पण बॉडी देताना ‘कुठलीही कॅनन लेन्स चालेल’ असं यांनीच ठासून सांगितलं होतं. त्याबद्दल विचारलं की फोन ठेवतात. पैसे घेऊन काम करणाऱ्याने कोणत्या लेन्सला डाग येतो याची एक यादी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

तेव्हा ही लेन्स विकायचंच ठरवलं होतं. हिवाळ्यात मत बदललं. वडाच्या सावलीत बहिणीचे फोटो एफ/२.८ ला काढले. त्वचा दुधासारखी नितळ, डोळे खोल काळे, मागची पानं पांढरी, आणि डागाचा मागमूस नाही. माणसांसाठी ही लेन्स आता माझ्या पिशवीत कायम राहणार. निसर्गचित्रांना मात्र तिचा उपयोग शून्य.

फोकसचंही सांगतो. इन्फ्रारेडचा फोकस दृश्य प्रकाशापेक्षा थोडा वेगळ्या जागी पडतो. व्ह्यूफाइंडरमधून फोकस केला तर बॉडी ज्या लेन्सवर जुळवून दिली असेल तिच्यापुरताच तो बरोबर येतो. लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघा; सेन्सर स्वतःच बघून फोकस करतो आणि प्रश्न मिटतो. १९८७ च्या पहिल्या ५० एमएम एफ/१.८ वर अंतराची पट्टी आणि इन्फ्रारेडसाठी फोकस किती सरकवायचा ते दाखवणारी खूण होती, १९९० च्या टू मध्ये दोन्ही काढून टाकलं. पेंटॅक्सच्या जुन्या सुपर-टाकुमार लेन्सवर या खुणेचा लाल ‘आर’ अजून दिसतो, आणि एम४२ (तिच्या आट्यांच्या माउंटचा) ॲडॅप्टर लावून ती कॅननवर बसते.

एफ/१६ चा हट्ट तसाही धरू नका. तरंगलांबी मोठी असल्यामुळे डिफ्रॅक्शन (बारीक भोकातून जाताना उजेड पसरून फोटो मऊ होणं) लवकर जाणवतं, एफ/११ लाच बारीक पानं मऊ पडायला लागतात. डाग न येणाऱ्या लेन्सवर मी बहुतेक वेळा एफ/८ वर थांबतो.

सध्या निसर्गचित्रांचं सगळं काम १८-५५ वर चाललंय, तेही वरचा एक रुपया न घालता, कारण ती बॉडीबरोबरच आली होती. प्लास्टिकची म्हणून लोक तिला नाकं मुरडतात, पण माझ्याकडच्या लेन्समध्ये आभाळ सगळ्यात स्वच्छ तीच देते. मित्राची ४० एमएम एफ/२.८ एसटीएमही लावून बघितली, एफ/११ ला स्वच्छ. ती विकत मिळाली तर घेईन.

सेकंडहँड लेन्स घेताना आपली कन्व्हर्ट केलेली बॉडी बरोबर न्या. दुकानाच्या बाहेर उन्हात उभे राहा, मोकळं आभाळ किंवा सपाट भिंत धरा आणि एफ/५.६ पासून एफ/१६ पर्यंत एकेक फोटो काढा. स्क्रीनवर डाग दिसला नाही तरी घरी जाऊन कॉन्ट्रास्ट चढवून बघा, बरेच डाग तिथेच उघडे पडतात. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर पैसे काढू नका.

आता कॅननची १०-१८ एमएम वाइड लेन्स बघतोय. ७२० वर कुणी ती एफ/८ ला वापरली असेल तर कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल दाखवा, रंग बदललेली नको.