पहिलं येर्बा माते कुठलं घ्यावं? अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील आणि पराग्वे यांची तुलना

येर्बा माते हे दक्षिण अमेरिकेतलं पेय: वाळवून दळलेलं पान (येर्बा) पेल्यात भरायचं, त्यावर पाणी ओतायचं आणि बोंबियाने, म्हणजे गाळणी असलेल्या नळीने, ओढायचं. ते घेताना बहुतेक जण ब्रँड पाहतात आणि किंमत पाहतात. चव मात्र ठरते ती तीन गोष्टींवर: पान किती बारीक केलंय, त्यात काड्या किती आहेत आणि वाळवल्यानंतर ते किती काळ मुरवलंय. एवढं कळलं की पाकीट फोडायच्या आधीच निम्मा अंदाज येतो.

झाड सगळीकडे एकच, इलेक्स पाराग्वारिएन्सिस. त्याचं पान तिथले मूळ रहिवासी ग्वारानी लोक युरोपीय माणसं तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून वापरत आले आहेत. तोडलेला पाला साधारण 24 तासांच्या आत ज्वाळेवरून काही सेकंद फिरवतात, याला सापेकादो म्हणतात. हे वेळेत झालं नाही तर पान काळवंडतं. मग पाला पूर्ण वाळवायचा, भरड कुटायचा, मुरवायचा आणि शेवटी दळायचा. चार देशांच्या चवी वेगळ्या होतात त्या मुख्यतः या शेवटच्या दोन टप्प्यांत.

अर्जेंटिना: काडीसकट की बिनकाडीचं

अर्जेंटिनात येर्बा पिकते ती मिसियोनेस प्रांतात आणि कोरिएन्तेसच्या ईशान्य भागात. पाकिटावर ‘कॉन पालो’ लिहिलं असेल तर माल काडीसकट आहे. तिथल्या अन्नसंहितेनुसार अशा मालात 35 टक्क्यांपर्यंत काड्या चालतात. ‘सिन पालो’ किंवा ‘देसपालादा’ असेल तर 10 टक्क्यांपर्यंतच. काडी म्हणजे भेसळ, असं नव्याने पिणाऱ्याला वाटतं, तसं नाही. काडीमुळे कडवटपणा सौम्य होतो, थोडी गोडसर, लाकडासारखी चव येते आणि ओल्या पानांत फटी राहिल्यामुळे पाणी सहज खाली उतरतं. बिनकाडीचं माते पहिल्या घोटापासून जोरकस लागतं, जिभेवर तुरटपणा जास्त वेळ राहतो.

मुरवण्याचा काळही इथे महत्त्वाचा. पारंपरिक पद्धतीत कुटलेलं पान 9 ते 24 महिने गोदामात ठेवतात. तापमान आणि आर्द्रता वाढवून हेच काम एक-दोन महिन्यांत उरकण्याची पद्धतही सर्रास चालते. नैसर्गिकरीत्या मुरलेलं पान पिवळसर-ऑलिव्ह दिसतं आणि त्याचा कच्चा, गवतासारखा वास गेलेला असतो. पाकिटावर ‘एस्तासियोनामिएन्तो नातुराल’ आणि महिन्यांचा आकडा असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

ब्रँड म्हणाल तर सौम्य हवं असेल तर प्लायादितो, मध्यम कडू हवं असेल तर तारागुई, दणकट आणि किंचित धुरकट हवं असेल तर रोसामोंते. धूरच आवडत असेल तर ‘बार्बाकुआ’ हा शब्द शोधा: तिथे पान लाकडाच्या विस्तवाच्या उष्णतेवर सावकाश वाळवतात. चांगल्या बार्बाकुआत धूर मागून येतो, पानाची चव आधी. पहिल्याच घोटाला राख लागली तर तो दोष समजावा, परंपरा नव्हे.

उरुग्वे: बारीक, काडी जवळजवळ नाही

उरुग्वेत येर्बा जवळपास पिकतच नाही. कानारियाससारखे तिथले प्रसिद्ध ब्रँड ब्राझीलमधून येतात, पण दळण उरुग्वेच्या आवडीचं: बारीक पान, भरपूर भुकटी, काड्या नगण्य. बारीक दळणामुळे अर्क लवकर आणि जास्त उतरतो. फेस दाट येतो, कडवटपणा खोल लागतो, आणि नीट भरलं तर चव बराच वेळ टिकते. हे ‘नीट भरलं तर’ मात्र विसरू नका. भुकटी जास्त असल्यामुळे एकदा ढवळलं की बोंबिया तुंबते आणि मग सगळं ओतून देऊन नव्याने भरावं लागतं. साध्या मोठ्या भोकांची बोंबिया इथे कुचकामी आहे. बारीक भोकांची चमच्यासारखी किंवा स्प्रिंगची घ्या.

आपल्याकडे कडक, बिनदुधाची कॉफी पिणाऱ्याला अर्जेंटिनाचं सौम्य माते फिकं वाटण्याची शक्यता जास्त. त्याने सरळ उरुग्वेच्या पाकिटापासून सुरुवात केली तरी चालेल, फक्त भरण्याची पद्धत आधी शिकून घ्यावी.

ब्राझील: ताजं असेल तरच

दक्षिण ब्राझीलमधल्या रिओ ग्रांदे दो सुलचं शिमाराँव, म्हणजे तिथलं माते, वेगळंच. पान मुरवत नाहीत; ताजं दळून, बहुधा हवाबंद करून विकतात. मेंदीच्या पुडीसारखी हिरवीगार, मऊ भुकटी, चव गवताळ-गोडसर, कडवटपणा कमी. मोठ्या ‘कुइया’त, म्हणजे भोपळ्याच्या पात्रात, ती भरतात, बोंबियाचा तळही रुंद, चपटा असतो.

दूरच्या देशात हे घेण्यातली अडचण वयाची आहे. उष्णता, उजेड आणि हवा लागली की हिरवा रंग पिवळा पडतो आणि चव सुक्या गवताची होते. उत्पादनाची तारीख चार-पाच महिन्यांहून जुनी असेल तर आमचा सल्ला: घेऊ नका. घेतलंच तर फोडलेलं पाकीट घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा.

पराग्वे: थंड पाण्याचं तेरेरे

पराग्वेत उन्हाळ्यात येर्बा बर्फाच्या पाण्यात पितात. शिंगाचा किंवा लाकडाचा पेला असतो, त्याला ग्वाम्पा म्हणतात. पुदिन्यासारख्या ताज्या औषधी वनस्पती खलात ठेचून पाण्याच्या भांड्यात टाकतात. तेरेरेची ही संस्कृती 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. थंड पाण्यात कडवटपणा कमी उतरतो, म्हणून इथे धुरकट, भरड, काड्यांचं पान शोभतं; पाहारितो, कुरुपी आणि कांपेसिनो ही ओळखीची नावं. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात दुपारी गरम मातेपेक्षा हेच पिववेल. सौम्य, कमी धुराचं पान तेरेरेत अगदी पाणचट लागतं.

शेजारीशेजारी ठेवून कसं चाखायचं

दोन पाकिटांत निवड करायची असेल तर भोपळ्याच्या पात्रात चाखू नका. भोपळा आधीच्या मातेची चव धरून ठेवतो. (हा भोपळा मिरजेच्या तंबोऱ्यांना लागतो त्याच जातीचा, फक्त फळ छोटं.) दोन सारखे काचेचे किंवा चिनी मातीचे पेले घ्या, सुमारे 150 मिलीचे.

आधी सुकं पान पाहा. पांढऱ्या ताटलीत दोन्हींचं 10-10 ग्रॅम पसरा. हिरवं-ऑलिव्ह-पिवळसर अशी छटा ठीक. काळपट तुकडे बरेच असतील तर ज्वाळेवर करपलंय किंवा वेळेत फिरवलं गेलं नाही. चिमूट बोटांत चोळून वास घ्या. सुकं गवत, लाकूड, हलका धूर चांगला. कुबट वास म्हणजे ओल लागली आहे, पुठ्ठ्यासारखा म्हणजे शिळं झालं आहे. दोन्ही परिस्थितीत पुढे चाखण्यात अर्थ नाही.

मग प्रत्येक पेल्यात 25 ग्रॅम घाला. तळहाताने तोंड झाकून पेला उलटा करा, हलवा. वर आलेली भुकटी तळहाताला लागते, ती झटकून टाका. पेला तिरपा धरूनच सरळ करा, म्हणजे पान एका बाजूला उताराने राहील. खोलगट बाजूला 30 मिली गार किंवा कोमट पाणी ओता आणि ते शोषलं जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा. ही पायरी गाळली तर गरम पाणी कोरड्या पानावर पडतं आणि पहिले दोन घोट विनाकारण जहाल होतात. बोंबियाच्या टोकावर अंगठा दाबून ती तळापर्यंत तिरपी खुपसा, नंतर हलवू नका.

पाणी 70 ते 80 अंश. थर्मामीटर नसेल तर भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे चिकटायला लागले की उतरवा. खळखळ उकळलेलं पाणी वापरायचंच असेल तर थर्मासमध्ये झाकण उघडं ठेवून चांगलं निवू द्या. दर वेळी 40 मिली, बोंबियाच्या बुडाशीच, वरचा सुका डोंगर न भिजवता.

पहिल्या घोटावर मत बनवू नका. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या वेळी दोन्ही पेले आलटूनपालटून चाखा, मध्ये साध्या पाण्याने चूळ भरा. दुसऱ्याला कळतो कडवटपणाचा जोर. चौथ्याला कळतो समतोल: कडू, तुरट, गोडसर, धूर यांपैकी काही एकच बाकीच्यांना दाबतंय का. आठव्याला कळतं पान किती टिकतं. चव पार गेली, फेस येईनासा झाला, काड्या वर तरंगू लागल्या, की ते ‘लावादो’ झालं, धुऊन निघालं. चांगलं मध्यम अर्जेंटिनी पान आठव्या वेळीही ओळखू येण्याइतकी चव देतं. सहाव्यालाच संपलं तर आधी स्वतःकडे पाहा: पाणी फार गरम होतं का, सगळं पान एकदम भिजवलं का? दोन्ही नसेल तर माल हलका.

कडवटपणा हा दोष नव्हे. घसा ओढून धरणारा तुरटपणा, जळका वास आणि आंबट छटा हे दोष. आंबटपणा मात्र अनेकदा पानाचा नसून पात्राचा असतो: भोपळ्याच्या आत बुरशी आलेली असते. वापर झाला की ओलं पान लगेच काढा, पात्र धुवा, पुसा आणि तोंड आडवं ठेवून हवेशीर जागी वाळवा.

प्रकृतीचं म्हणाल तर पेय अतिगरम पिऊ नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंशांच्या वरच्या अतिउष्ण पेयांना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. अतिउष्ण नसलेल्या मातेला तसं वर्गीकरण दिलेलं नाही. पेल्यातल्या गार, ओल्या पानामुळे 75 अंशांचं पाणी ओठापर्यंत येताना बरंच उतरतं, तरीही घाई नको. धुरावर वाळवलेल्या पानात धुरातले नकोसे घटकही उतरतात, म्हणून रोज दिवसभर पिणाऱ्याने बिनधुराचं पान निवडावं. कॅफिन असल्याने झोपेला जपणाऱ्यांनी ते दुपारीच आटपावं.

तर निवड अशी: काहीच माहीत नसेल तर अर्जेंटिनाचं काडीसकट, मध्यम, 500 ग्रॅम. कडक चवीची सवय असेल तर उरुग्वेचं. उन्हाळ्यासाठी पराग्वेचं. ब्राझीलचं तारीख पाहूनच. वनौषधी-फळांची चव घातलेली पाकिटं तूर्त बाजूला ठेवा, त्यात पानाचा दर्जा ओळखता येत नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात एक किलोचं पाकीट मुळीच फोडू नका. फोडलेलं पान कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवा, कारण हे पान जिरं-हिंगाचा वास पटकन ओढून घेतं.