जपानला निघण्याआधी वाचलेली पुस्तकं: एक सोबत न्या, एक मला फुकट मागा

व्हिसा हातात पडल्यावर पहिलं पुस्तक घेतलं ते शिष्टाचारांचं. नाव सांगत नाही, तसली सगळी सारखीच. भातात चॉपस्टिक उभ्या रोवू नका, चॉपस्टिककडून चॉपस्टिककडे घास देऊ नका (दोन्ही अंत्यविधीतल्या गोष्टी), टिप देऊ नका, कमरेत इतके इतके अंश वाका. नियम खरे आहेत, पण मी इतकी धास्तावले की क्योटोतल्या पहिल्या रात्री धड जेवलेसुद्धा नाही. यजमानीणबाई वाकल्या की मी आपली मनात अंश मोजतेय!

त्यापेक्षा अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्टचं १९४६ सालचं ‘द क्रिसॅन्थेमम अँड द सोर्ड’ वाचा. बाईंनी जपानमध्ये पाऊल ठेवलेलं नव्हतं. युद्धाच्या काळात अमेरिकी सरकारसाठी, तिथल्या जपानी लोकांशी बोलून अभ्यास केला. त्यामुळे ‘जपानी माणूस असाच’ अशी ठाम वाक्यं आली की चिमूटभर मीठ टाकायचं. पण ‘ओन’ (उपकाराचं ओझं) आणि ‘गिरी’ (ते फेडण्याची बांधिलकी) यांवरची प्रकरणं सोडू नका. इंग्रजीत ते समजावायला तिला पानंच्या पानं लागली. आपल्याकडे ऋण आणि भीड हे शब्द तयार आहेत, निम्मं काम तिथंच होतं. माफी मागायचा ‘सुमिमासेन’ हा शब्द आभारासाठीही का म्हणतात, हेही तिनेच सांगितलं: त्याचा अर्थ ‘हे संपत नाही’. म्हणजे आपलं ‘फिटत नाही’च की! मग बसमध्ये जागा दिल्यावर एक आजी ‘सुमिमासेन’ म्हणाल्या तेव्हा त्या माफी का मागताहेत, असा प्रश्न पडला नाही.

ओकाकुरा या जपानी लेखकाचं ‘द बुक ऑफ टी’ (१९०६) जपानी चहाविधीवरचं, मुळातच इंग्रजीत लिहिलेलं, छोटं. मधली ताओ या चिनी मताची पानं मला जड गेली. पण हा विधी करायच्या खोलीचं प्रकरण फर्मास. तिचं दार तीन फुटांहूनही बुटकं. सामुराईनेही तलवार बाहेर ठेवायची आणि वाकून आत शिरायचं. क्योटोत मी तशा दारातून शिरायला गेले नि पाठीवरच्या सॅकसकट अडकले. सॅक बाहेर ठेवली, गुडघ्यांवर आत गेले. अंश मोजायची गरज पडली नाही, दारानेच वाकवलं.

कावाबाताची ‘द ओल्ड कॅपिटल’ ही कादंबरी क्योटोला जाणाऱ्यांनी जरूर वाचावी. निशिजिनचे विणकर, कितायामाचे सरळसोट देवदार, गिओनचा उत्सव, सगळं त्यात आहे. कथानक मात्र संथ.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. तानिझाकी या जपानी कादंबरीकाराचं ‘इन प्रेज ऑफ शॅडोज’, म्हणजे सावल्यांचं कौतुक, मूळ १९३३चं, इंग्रजीत जेमतेम सत्तर-ऐंशी पानं. सुरुवात घर बांधताना विजेच्या तारा कुठे लपवायच्या या वैतागापासून, मग थेट संडासाचं कौतुक. (आज त्याच देशात कमोडची सीट गरम आणि बाजूला बटणांची पाटी.) पुढे लाखेच्या वाटीतलं सूप, अंधाऱ्या खोलीतलं सोनं. हे सोनं मला वाचताना कळलं नव्हतं. क्योटोतल्या निजो किल्ल्याच्या निनोमारू महालात कळलं. बाहेर लख्ख ऊन, आत मिणमिण. चालताना पायाखालची लाकडी जमीन पक्ष्यासारखी चिवचिवते, फोटोला बंदी. सरकत्या दारांवरचा सोनेरी वर्ख आधी मळकट पिवळा वाटला. डोळे सरावल्यावर तो आतून उजळल्यासारखा झाला. तिथली बरीच चित्रं आता नकला आहेत. असू देत. अंधार अस्सल होता.

तक्रारही आहे: कातडीच्या रंगाबद्दलची त्याची पानं आज वाचताना घशात अडकतात. आणि इंग्रजी आवृत्तीच्या शेवटी त्याच्या बायकोने सांगितलेला किस्सा आहे. नवं घर बांधायच्या वेळी आर्किटेक्ट म्हणाला, तुमचं पुस्तक वाचलंय, कसं घर हवं ते कळलं. तानिझाकी म्हणाला, छे, तसल्या घरात मला राहता येणार नाही! लेखक आवडला तो इथे.

तर तानिझाकी बॅगेत टाका, ओकाकुरा विमानात संपवा, बेनेडिक्ट महिनाभर आधी उघडा. पु. लं.चं ‘पूर्वरंग’ हे प्रवासवर्णन मी परत आल्यावर वाचायला ठेवलं होतं, जपानच्या भागाला रात्री दोनपर्यंत जागले. शिष्टाचारांचं पुस्तक कुणाला हवं असेल तर फुकट देते; चॉपस्टिकच्या पानावर सोया सॉसचा डाग आहे.