डिस्क वाढवताना वीज गेली तर: घरच्या नॅससाठी घेतलेल्या यूपीएसचे परीक्षण

हा यूपीएस १००० व्हीए, म्हणजे ६०० वॅट क्षमतेचा, लाइन इंटरॅक्टिव्ह प्रकारचा आणि यूएसबी पोर्ट असलेला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या क्षमतेचे आणि किमतीचे निरनिराळ्या कंपन्यांचे यूपीएस आतून बरेचसे सारखे असतात आणि निवड नावापेक्षा पेटीवर छापलेल्या तपशिलावरून करावी, असे माझे मत आहे. किंमत आठ-दहा हजारांच्या घरात गेली.

आमच्या जळगावच्या घरात चार खणांचा सिनॉलॉजी कंपनीचा नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणारे डिस्कांचे साठवण यंत्र, आहे. कुटुंबाचे फोटो आणि कागदपत्रे त्यात आहेतच, पण माझ्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे आजीकडून आणि तिच्या मैत्रिणींकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेली, खानदेशातल्या कानबाई देवीची अहिराणी गाणी. गाणाऱ्यांपैकी बहुतेकजणी आज हयात नाहीत. ४ टीबीच्या तीन डिस्क भरत आल्यामुळे चौथी घालायची होती, आणि ते काम यूपीएसशिवाय करायचे नाही हे आधीच ठरले होते.

त्याचे कारण समजण्यासाठी डिस्क वाढवताना आत काय घडते ते पाहावे लागेल. रेड-५ मध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या एका पद्धतीत, किंवा सिनॉलॉजीच्या तशाच एसएचआरमध्ये, डेटा आणि त्याची पॅरिटी (एखादी डिस्क बिघडली तर तिच्यावरचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेली हिशेबी माहिती) सगळ्या डिस्कवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरलेली असते. नवी डिस्क आली की नुसती रिकामी जागा जोडून भागत नाही. जुना प्रत्येक पट्टा वाचून, चार डिस्कांच्या हिशेबाने पॅरिटी नव्याने काढून, तो पुन्हा लिहावा लागतो. सेकंदाला ५० एमबीचा वेग धरला, तर ४ टीबीच्या डिस्कसाठी ८०,००० सेकंद, म्हणजे सुमारे २२ तास लागतात, आणि त्याच वेळी घरातले कोणी फोटो पाहत असेल तर त्याहूनही अधिक. लहान डिस्क काढून मोठी घालायची असेल तर धोका आणखी वाढतो, कारण प्रत्येक डिस्क बदलताना पुनर्बांधणी पूर्ण होईपर्यंत पॅरिटीचे संरक्षण उरलेलेच नसते.

लिनक्समधली रेड प्रणाली काम कुठवर आले याची नोंद डिस्कवरच ठेवत जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम बहुधा तिथूनच पुढे सुरू होते. पण या ‘बहुधा’वर विसंबून राहणे मला मान्य नाही. पट्ट्याचा डेटा लिहिला गेला आणि पॅरिटी लिहायची राहिली, किंवा डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये असलेला मजकूर तबकडीवर उतरण्यापूर्वीच प्रवाह तुटला, तर ती विसंगती लगेच दिसत नाही. पुढे एखादी डिस्क बिघडून तोच पट्टा पॅरिटीवरून काढण्याची वेळ येते तेव्हा ती उघडी पडते.

आमच्याकडे घरोघरी इन्व्हर्टर असतो, आणि मग यूपीएस कशाला, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. इन्व्हर्टर तासन्‌तास वीज देतो हे खरे, पण त्याला दोन मर्यादा आहेत. वीज जाऊन बॅटरीवर येताना जो क्षणभराचा खंड पडतो, तो साध्या मोडमध्ये नॅसच्या अॅडॉप्टरला सोसेलच असे नाही. इन्व्हर्टरच्या मागच्या बटणाने यूपीएस मोड निवडला तर तो खंड कमी होतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे: बॅटरी संपत आल्याचे साधा इन्व्हर्टर नॅसला कळवू शकत नाही. तो शेवटपर्यंत वीज पुरवतो आणि मग एकदम बंद पडतो, म्हणजे जे टाळायचे होते तेच काही तासांनी घडते.

यूपीएसची खरी किंमत म्हणूनच, बॅटरीची स्थिती नॅसला कळवणाऱ्या त्याच्या यूएसबी वायरमध्ये आहे. गोलाणी मार्केटमधल्या ज्या दुकानातून तो घेतला, तिथल्या दुकानदाराने पेटी उघडून आधी शंभर वॅटचा बल्ब लावला, भिंतीतली पिन काढली, बल्ब लुकलुकला नाही हे दाखवले, आणि मग ती वायर माझ्या हातात देत म्हणाला, “भाऊ, लोक ही वायर पेटीतच ठेवून देतात. नॅसला लावणार असाल तरच हे मॉडेल घ्या, नाहीतर स्वस्तातला घ्या.” यूएसबी पोर्ट नसलेला यूपीएस त्याच्याकडे बराच कमी किमतीत होता, तरीही त्याने हा सल्ला दिला, याची नोंद करणे मला आवश्यक वाटते.

घरी वायर जोडल्यावर सिनॉलॉजीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये हार्डवेअर आणि पॉवरच्या भागात यूपीएसचा टॅब उघडला की यंत्र ओळखले गेल्याचे दिसते. वीज गेल्यावर किती मिनिटांनी नॅसने सेफ मोडमध्ये जावे ते तिथे ठरवता येते. सेफ मोडमध्ये नॅस सगळ्या सेवा थांबवतो आणि व्हॉल्यूम अनमाउंट करतो, म्हणजे डेटाची जागा लिहिण्या-वाचण्यासाठी बंद करतो, त्यामुळे त्यानंतर वीज तुटली तरी अर्धवट लिहिलेले काही उरत नाही. त्याखालीच, सेफ मोडमध्ये गेल्यावर यूपीएसही बंद करण्याचा पर्याय आहे, आणि तो निवडावा असे मी सुचवेन. तो निवडला नाही, आणि बॅटरी संपण्याआधीच वीज परत आली, तर नॅसच्या दृष्टीने पुरवठा कधी खंडितच झालेला नसतो. मग वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असूनही तो तसाच थांबून राहू शकतो.

चौथी डिस्क घालण्यापूर्वी संपूर्ण डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, डेटा स्क्रबिंग (साठवलेला डेटा तपासून चुका दुरुस्त करणे) आणि डिस्कची विस्तृत स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतःची केलेली तपासणी) पूर्ण होऊ दिली, आणि नंतर यूपीएसची पिन भिंतीतून काढून प्रत्यक्ष तालीम केली. रिलेचा, म्हणजे वीज बॅटरीवर वळवणाऱ्या आतल्या स्विचचा, टक् असा आवाज झाला, पडद्यावर भार ५८ वॅट दिसला, नॅसचे दिवे जराही हलले नाहीत, आणि बॅटरीवर आल्याचा संदेश मोबाइलवर आला. हा संदेश यायचा तर राउटर आणि फायबर इंटरनेटची डबीही यूपीएसवरच हवी. एवढ्या भारावर बॅटरी पाऊण तासाहून थोडी अधिक टिकली.

प्रत्यक्ष काम चालू असताना संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि वीज दोनदा गेली. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या करणारा हा वारा शहरातही तारांवर फांद्या आणून टाकतो, त्यामुळे हे अपेक्षितच होते. पहिल्या वेळी वीज लगेच आली. दुसरा खंड लांबला, पण यूपीएस इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडलेला असल्यामुळे त्याची बॅटरी जवळजवळ वापरलीच गेली नाही: इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचा क्षण यूपीएसने सांभाळला आणि पुढचे तास इन्व्हर्टरने. काम न थांबता पूर्ण झाले. अशी जोडणी करायची तर इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचाच, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, हवा. स्क्वेअर वेव्हचा प्रवाह बरेच यूपीएस सदोष समजून नाकारतात आणि स्वतःच्या बॅटरीवरच चालत राहतात.

कमी व्होल्टेजबाबतही यंत्राने चांगले काम केले. गावाकडे शेतीचे पंप एकदम सुरू झाले की पंखा मंदावतो, हे खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस अशा वेळी बॅटरी न वापरता व्होल्टेज वाढवून देतो. स्वस्तातला ऑफलाइन यूपीएस हे करत नाही आणि दर वेळी बॅटरीवर जातो, म्हणून खेड्यात राहणाऱ्याने तो घेऊच नये.

आता उणिवा. बॅटरीवर असताना हा यूपीएस शुद्ध साइन वेव्ह देत नाही, पायऱ्यांची लहर देतो. सिनॉलॉजीच्या अॅडॉप्टरला माझ्याकडे त्याचा त्रास झाला नाही, पण अॅक्टिव्ह पीएफसीचा (प्रवाह व्होल्टेजच्या लहरीशी जुळवून घेणारा) एसएमपीएस, म्हणजे संगणकातला वीजपुरवठ्याचा भाग, असलेला स्वतः जुळवलेला नॅस असेल तर शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस पाहावा. सूचनेचा बीप आवाज रात्री फार कर्कश वाटतो. कंपनीचे सेवा केंद्र जळगावात नाही, आणि फोनवर मिळालेली उत्तरे असमाधानकारक होती. त्या मानाने गोलाणीतल्या दुकानदाराने बॅटरी समोर बदलून देण्याची तयारी दाखवली.

उन्हाळा हा मात्र यंत्राचा नव्हे, आपल्या हवामानाचा प्रश्न आहे. सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते असे धरतात, आणि सिनॉलॉजीच्या अशा घरगुती नॅससाठी कामाचे कमाल तापमान ४० अंश दिलेले आहे. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत हे काम करू नये. आमचा नॅस आणि यूपीएस तळमजल्यावर, कूलरच्या ओल्या झोतापासून दूर ठेवलेले आहेत. वीज गेली की कूलरही थांबतो, म्हणून डिस्क वाढवण्याचे काम शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत काढावे. मेमध्येच करणे भाग असेल तर नॅसजवळचा पंखा इन्व्हर्टरवर घ्यावा, आणि यूपीएसची बॅटरी दोन उन्हाळे झाले की तपासून बदलण्याचा खर्च आधीच धरून ठेवावा.