तुरुंग खातं की समाजकार्य?

निपाणीच्या भाचीला पुढे गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचं नेतृत्व करायचंय. तुरुंग खात्यातून जावं की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून, हा तिचा पेच. तुरुंग खात्यात पदवीवर जेलरची परीक्षा देता येते. बेळगावच्या हिंडलग्यासारख्या कारागृहात शिस्त कळते, माणसांची पारख येते, पण कैद्याचं घर कधी दिसत नाही. एमएसडब्ल्यूला दोन वर्षं जातात, वर फी. मात्र १९५८ च्या परिवीक्षा कायद्यातलं (गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याच्या कायद्यातलं) काम नेमकं या शिक्षणात शिकायला मिळतं: घरची चौकशी, न्यायालयाला अहवाल, सुटलेल्यावर देखरेख, त्याला रोजगार शोधून देणं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या वाडीत त्याच्या आईबापांशी मराठीत बोलावं लागतं, कचेरीत कन्नड. ती दोन्हीकडे पक्की हवीच. बंदोबस्त आणि प्रशासनाची ओढ असेल तर तुरुंग खातं बरं. माणूस गावातच पुन्हा उभा करायचा असेल, तर मी एमएसडब्ल्यूच सांगेन.