सहा इंची म्हणून चार इंची पॅडल बोर्ड गळ्यात मारला

हवा भरून फुगवायचा, पाण्यावर उभं राहून वल्हवायचा हा बोर्ड. २८,५०० रुपये बोर्डाचे, १,२०० वाहतुकीचे, सगळे आगाऊ. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं: लांबी १० फूट ६ इंच, रुंदी ३२, जाडी ६, बाहेरच्या आवरणाचा दुहेरी थर, क्षमता १५० किलो. आला तो १० फुटी, ३० इंच रुंद, ४ इंच जाड, एकेरी थराचा. ८८ किलोचा माणूस मालवणच्या खाडीत त्यावर उभा राहिला की मधला भाग खाली बसतो, दोन्ही टोकं वर उचलली जातात आणि पाणी पावलांवरून वाहतं.

त्या १५० किलोंना भुलू नका. एवढ्या बोर्डात साधारण १७५ लिटर हवा मावते, म्हणून तो बुडत नाही. पण तरंगणं वेगळं, ताठ राहणं वेगळं. ताठपणासाठी आत वरची आणि खालची बाजू हजारो धाग्यांनी एकमेकींना बांधलेली असते. जाडी दीडपट झाली की ताठपणा दुपटीहून जास्त वाढतो. वजन ७५ किलोंच्या पुढे असेल तर ६ इंचांखाली घेऊच नका. शिकाऊ माणसाला रुंदी ३२ ते ३४ हवी. ३० इंची अरुंद बोर्ड लांब पल्ल्याच्या सरावलेल्यांसाठी.

सगळ्यात चीड येते ती विक्रेत्याच्या व्हिडिओची. त्यातला मुलगा सडपातळ, तरी त्याच्या पायाखाली बोर्ड वाकलेला दिसतो! कडेला टेप लावून फोटो मागितला, तर उत्तरात वजनाचा तक्ता आला. व्यवहार तिथेच मोडायला हवा होता. पण लिहून दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणं हा गुन्हा कधीपासून झाला? गुन्हा खोटं लिहिणाऱ्याचा.

मग म्हणे, "हवा कमी भरली असेल." हातपंपाचा काटा सुरुवातीला हलतच नाही, हे खरं; बरेच जण तिथेच थांबतात. इथे मात्र १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून टेपसकट व्हिडिओ पाठवला. उत्तर नाही.

तक्रार कक्षाने तीच तक्रार विक्रेत्याकडे धाडली, त्याचं "माल वर्णनाप्रमाणे" हे उत्तर चिकटवलं आणि प्रकरण निकाली! टेप कुणी लावली? कुणीच नाही. पोलीस ठाण्यात प्रश्न, "वस्तू मिळाली ना?" तिथून सायबर पोलिसांकडे, ते म्हणतात दिवाणी बाब. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. प्रत्येक टेबलावर तेच कागद, तीच झेरॉक्स, आणि ४ इंच म्हणजे ६ नव्हे हे लिहून द्यायला एकही जण तयार नाही.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पावतीवर जाडी आणि थर लिहून घ्या, "बोर्ड १ नग" चालवून घेऊ नका. खोकं उघडतानाच चित्रण करा. पूर्ण हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे आले की लगेच परत. आणि फुगवलेला बोर्ड उन्हात ठेवू नका, दाब वाढून चिकटवलेले सांधे सुटतात.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. तक्रारीनंतर त्या जाहिरातीतून जाडीचा आकडा गायब झाला आहे. क्षमता अजूनही १५० किलोच.