वनस्पतींच्या उत्क्रांतीचा भित्तितक्ता आणि स्लाइडसंच: एक परीक्षण

सोलापुरात नवी पेठेतील शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत सध्या वनस्पतींच्या वर्गीकरणाचा आणि उत्क्रांतीचा एक एकत्रित संच विक्रीस आहे. दोन मीटर लांबीचा काळपट्टीचा तक्ता, वर्गीकरणाचा दुसरा लहान तक्ता, पंचवीस तयार स्लाइड आणि एक मराठी पुस्तिका असे त्याचे स्वरूप आहे. अकरावीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना तो वापरून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पट्टीचा पूर्वार्ध आणि स्लाइड यांसाठी संच घेण्याजोगा आहे. मात्र उत्तरार्धात आणि वर्गीकरणाच्या तक्त्यात शिक्षकाला स्वतःची बरीच भर घालावी लागते.

पूर्वार्ध खरोखर चांगला आहे. सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडणाऱ्या, जमिनीवरील वनस्पतींच्या बीजाणूंपासून पट्टी सुरू होते. त्यानंतर सिल्युरियन काळातील (सुमारे 44 ते 42 कोटी वर्षांपूर्वीची) कुकसोनिया येते. जेमतेम काही सेंटिमीटर उंचीची, पाने नसलेली, दुभागत जाणाऱ्या फांद्यांच्या टोकांवर बीजाणुधानी (बीजाणूंच्या पिशव्या) धारण करणारी ही वनस्पती चित्रात अजिबात सजवलेली नाही, हे मला विशेष आवडले. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे 40.7 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकाला स्वतंत्र चौकट दिली असून, उष्ण झऱ्यांच्या पाण्यातील सिलिका पेशींमध्ये झिरपल्यामुळे तेथील खोडांचे छेद आजही सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतात, हे कारणही पुस्तिकेत नीट सांगितले आहे. मुळे नाहीत, पाने नाहीत, पण पाणी वाहून नेणाऱ्या पेशी आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना या चौकटीवरून लगेच पटते.

कार्बोनिफेरस काळापाशी (सुमारे 36 ते 30 कोटी वर्षांपूर्वी) आल्यावर मात्र अडचण सुरू होते. तेथे लेपिडोडेंड्रॉन आणि कॅलामाइटिस या बीजाणूंनी वाढणाऱ्या, आता नामशेष झालेल्या वृक्षांचे दलदलीतील जंगल काढून त्याखाली ‘जगातील कोळसा या जंगलांपासून तयार झाला’ असे छापले आहे. युरोप आणि अमेरिकेतील कोळशाच्या मोठ्या भागाबाबत ते खरे आहे. पण चंद्रपूर-वणी भागातील कोळसा त्यानंतरच्या पर्मियन काळातील, गोंडवन या दक्षिणेकडील प्राचीन महाखंडातील आहे आणि त्या जंगलांत ग्लॉसॉप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या, बीजधारी वृक्षांचे प्राबल्य होते. भारतातील बहुतांश कोळसा याच काळातला असताना महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मराठी तक्त्यावर ग्लॉसॉप्टेरिसचे नावही नसावे, हे न पटणारे आहे.

फुलझाडांच्या भागात प्रमाण बिघडते. सपुष्प वनस्पतींचे निर्विवाद जीवाश्म सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वीपासूनचे आहेत. म्हणजे दोन मीटरच्या पट्टीवर त्यांच्या वाट्याला साधारण 55 सेंटिमीटर यायला हवेत. तक्त्यात त्यांना जवळजवळ निम्मी पट्टी दिली आहे. परिणामी, पृथ्वीवर फुले फार पूर्वीपासून आहेत असा समज नकळत होतो आणि काळपट्टीचा मूळ हेतूच हरवतो. शिवाय गवत हे डायनासोर नष्ट झाल्यानंतर दाखवले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मिळालेल्या डायनासोरांच्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 2005 मध्ये प्रसिद्ध केले. त्या कणांत भात आणि बांबू यांच्या नातलगांचेही कण होते. ज्वारीच्या सोलापूर जिल्ह्यात, जेथे प्रत्येक घरात एका गवताचीच भाकरी होते, तेथे हा पुरावा विद्यार्थ्यांना सांगायला नको काय?

वर्गीकरणाच्या तक्त्यात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आयक्लर यांची 1883 ची विभागणी घेतली आहे: थॅलोफायटा (शैवालांसारख्या साध्या वनस्पती), ब्रायोफायटा (शेवाळी), टेरिडोफायटा (नेचे इत्यादी), अनावृत्तबीजी (पाइनसारख्या उघड्या बीजांच्या) आणि आवृत्तबीजी (सपुष्प). शालेय अभ्यासक्रमात ती असल्यामुळे त्याबद्दल उत्पादकाला दोष देता येत नाही. परंतु शेजारीच काळपट्टी टांगलेली असताना दोन्ही तक्त्यांचा मेळ बसत नाही, हे चाणाक्ष विद्यार्थी विचारतातच. सेलाजिनेला (बीजाणूंनी वाढणारी, बारीक पानांची लहान वनस्पती) आणि नेचे यांना टेरिडोफायटा या एकाच चौकटीत ठेवले आहे. वास्तविक सेलाजिनेलाची शाखा आधीच वेगळी झाली होती आणि वंशाने पाहता नेचे हे सेलाजिनेलापेक्षा आंब्याला अधिक जवळचे आहेत. ‘द्विदल’ या चौकटीत बार्शीकडील सीताफळही घातले आहे. आजच्या मांडणीत ते मॅग्नोलियाच्या गटात, बहुसंख्य द्विदलांपासून वेगळ्या शाखेवर येते. डाळिंबाचे प्युनिकेसी हे स्वतंत्र कुल दिले आहे, ते आता मेंदीच्या लिथ्रेसी कुलात समाविष्ट आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) या वंशाधारित वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत सपुष्प वनस्पतींचे 64 गण आणि 416 कुले मानली आहेत; पुस्तिकेत त्यासाठी एखादे पान दिले असते, तरी अभ्यासक्रमाला बाधा आली नसती.

स्लाइडबाबत तक्रार फारशी नाही. सेलाजिनेलाच्या शंकूचा उभा छेद संपूर्ण संचाचे मोल वसूल करतो: एकाच शंकूत लहान आणि मोठे असे दोन प्रकारचे बीजाणू स्पष्ट दिसतात आणि बीज निर्माण होण्याच्या वाटेवरील पायरी शब्दांविना समजते. पाइनच्या लाकडात वाहिन्या (पाणी वाहणाऱ्या सलग नळ्या) नसून केवळ वाहिनिका (टोके बंद असलेल्या लांबट पेशी) असतात, हेही सूर्यफुलाच्या खोडाशी तुलना करून दाखवता येते. पाइनच्या पानाचा रंग मात्र आमच्या संचात फिका होता. दुकानदाराने ती स्लाइड वाद न घालता बदलून दिली.

तक्ता कागदी आणि फ्लेक्स अशा दोन प्रकारांत मिळतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात कागदी तक्त्याच्या कडा लवकर वळतात, म्हणून फ्लेक्सचा घ्यावा. किंमत साडेतीन हजार रुपयांच्या आसपास आहे. पाच-सहा शिक्षकांनी मिळून वापरायचा असेल तर ती जड नाही. नव्या आवृत्तीत ग्लॉसॉप्टेरिस आणि पिसदुरा यांचा समावेश करण्याविषयी पुस्तिकेवरील पत्त्यावर आम्ही पत्र पाठवले आहे. तोपर्यंत पट्टीच्या योग्य जागी हाताने लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या लावून काम भागते.