नेहमीच्या जेवणात सुशी: निगिरी, रोल, साशिमी की शिजवलेला मासा?

सुशी म्हणजे व्हिनेगर कालवलेला भात आणि सोबत मासा किंवा भाजी असा जपानी पदार्थ. ती कधीतरी हौसेने खाणार असाल तर आवडेल ती मागवा, त्यात फारसा विचार करण्यासारखे काही नाही. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारचे किंवा रात्रीचे जेवण म्हणून ती धरायची असेल, तर मात्र कोणती सुशी हे आधी ठरवावे लागते. एकाच मेन्यूकार्डावर काकडीचा सव्वाशे-दीडशे कॅलरीचा बारीक रोल असतो आणि त्याच्याच खाली तळलेली कोळंबी व मेयोनीज घातलेला, पाचशे कॅलरींच्या आसपास जाणारा रोलही असतो. दोन्हींना सुशीच म्हणतात.

बहुतेक जण घाबरतात ते कच्च्या माशाला. ती भीती अगदीच निराधार नाही, तिच्याकडे पुढे येऊच. पण वारंवार खाणाऱ्याच्या तब्येतीवर जास्त परिणाम होतो तो भाताचा आणि सोया सॉसचा, आणि त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही.

आधी भात

सुशीचा भात म्हणजे आखूड दाण्याचा, चिकट, पांढरा तांदूळ आणि त्यात कालवलेले व्हिनेगर, साखर व मीठ. घरगुती प्रमाण साधारण असे: ३०० ग्रॅम कच्च्या तांदळाला दोन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा मीठ. शिजल्यावर हा भात साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे एका जेवणात २०० ग्रॅम सुशीभात खाल्ला, तर सात-आठ ग्रॅम साखर आणि दीड ग्रॅमच्या पुढे मीठ नुसत्या भातातूनच पोटात जाते. साखरेचा हा आकडा फार मोठा नाही. मिठाचा मात्र लक्षात ठेवा.

व्हिनेगरचा एक फायदा आहे. त्यातल्या आम्लामुळे जेवणानंतर रक्तातली साखर थोडी सावकाश चढते, शिवाय भातात जंतूंची वाढही रोखली जाते. पण म्हणून मधुमेह असलेल्याने सुशीभात मोजू नये असे नाही. हा दाबून बसवलेला भात असतो. वाटीतला भात किती खाल्ला ते डोळ्यांना दिसते, तर दोन रोल संपवले तरी भात जेवल्यासारखे वाटत नाही. तपकिरी तांदळाची सुशी मिळाली तर तंतू थोडे वाढतात, २०० ग्रॅममागे फार तर तीन ग्रॅम. त्या तांदळात आर्सेनिक पांढऱ्यापेक्षा जास्त असते हेही खरे. मला त्यासाठी हट्ट धरावासा वाटत नाही. तंतूंसाठी बाजूला भाजी घेणे सोपे.

निगिरी आणि रोल

निगिरीत भाताच्या लहानशा मुटक्यावर माशाचा एक काप असतो. एका तुकड्यात साधारण १५ ते २० ग्रॅम भात आणि १० ते १५ ग्रॅम मासा. आठ तुकड्यांचे जेवण धरले तर तीनशे ते चारशे कॅलरी होतात. तेलकट सॅल्मन असेल तर वरच्या टोकाला, लाल ट्यूना असेल तर खालच्या. प्रथिने वीस ग्रॅमच्या पुढे जातात. एका जेवणासाठी हा हिशेब चांगला आहे, आणि मुख्य म्हणजे त्यात लपवाछपवी नाही. मासा कोणता आणि किती, ते समोर दिसते.

रोल म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात भात आणि सारण गुंडाळून कापलेले तुकडे. त्यात ते दिसत नाही. बारीक रोल, ज्याला होसोमाकी म्हणतात, त्यात काकडी किंवा माशाची एकच पट्टी असते आणि तो हलकाच असतो. जाड रोलमध्ये, विशेषतः भात बाहेरच्या बाजूला असलेल्यात, भाताचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि मासा नावापुरता उरतो. कॅलिफोर्निया रोलमधला ‘खेकडा’ बहुतेक वेळा सुरिमी असतो, म्हणजे पांढऱ्या माशाचा लगदा, स्टार्च, साखर, मीठ आणि अंड्याचा पांढरा भाग. तो वाईट नाही, पण त्यातून ओमेगा-३, म्हणजे तेलकट माशांतली उपयुक्त चरबी, मिळेल असे धरू नका. ‘स्पायसी ट्यूना’मध्ये तिखटाबरोबर मेयोनीज येते. ‘क्रंची’, ‘टेम्पुरा’, ‘क्रीम चीज’ हे शब्द दिसले की तो पदार्थ तळणीच्या आणि सॉसच्या घरातला समजावा. वरून गोड ईल सॉसची नक्षी असेल तर साखर आणि मीठ दोन्ही वाढले. अॅव्होकाडो मात्र खुशाल चालतो. त्यातली चरबी चांगली, आणि सुशीच्या ताटात सहसा नसणारे तंतूही थोडे मिळतात.

नेहमी खाण्यासाठी निवडायचे झाले तर माझे मत सरळ निगिरीच्या बाजूने आहे. रोल हवाच असेल तर एक बारीक रोल जोडीला घ्यावा.

साशिमी आणि वाडगा

साशिमी म्हणजे भाताशिवाय नुसते माशाचे काप. काटेकोर बोलायचे तर ही सुशी नव्हेच. १०० ग्रॅम लाल ट्यूनात सुमारे ११० कॅलरी आणि २३-२४ ग्रॅम प्रथिने, तर पाळीव सॅल्मनमध्ये सुमारे २०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. वजन उतरवणाऱ्यांना आकडे बघून मोह होतो, पण नुसत्या साशिमीवर भूक फार वेळ थांबत नाही आणि तासाभराने दुसरेच काहीतरी खाल्ले जाते. जपानमध्ये साशिमीचे जेवण म्हणून जे ताट मिळते त्यात साध्या भाताची वाटी, मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचे) आणि लोणचे असते. ही जोडी मला फार शहाणपणाची वाटते. भात साधा, म्हणजे त्यात ना साखर ना मीठ, आणि किती घ्यायचा ते आपल्या हातात.

चिराशी, म्हणजे सुशीभातावर मासा पसरून दिलेला वाडगा, हा मधला मार्ग. हवाईचा पोके वाडगाही तसाच. दोन्हींत भात कमी आणि भाजी जास्त सांगता येते. पोकेवर दोन-तीन सॉस ओतून घेतले तर मात्र सगळे मुसळ केरात.

मिठाचा हिशेब

एका मोठ्या चमच्याएवढ्या सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मीठ. आता बेरीज करा. भातातले दीड ग्रॅम, सोया सॉसचे सव्वादोन, मिसो सूपच्या वाटीतले एक ते दीड. एका बैठकीत दिवसभराचा कोटा पूर्ण, आणि अजून दोन वेळचे जेवण बाकी!

जपानी आहाराचे गोडवे गाताना ही गोष्ट सहसा गळते. तिथले लोक दीर्घायुषी आहेत हे खरे, पण त्यांच्या आहारातले मीठ सरासरी दिवसाला १० ग्रॅमच्या घरात आहे आणि ते कमी करा म्हणून तिथले सरकारच मागे लागलेले असते. २०२० च्या मार्गदर्शक आकड्यांत पुरुषांसाठी ७.५ आणि स्त्रियांसाठी ६.५ ग्रॅमच्या आत राहायला सांगितले आहे.

रक्तदाब असेल तर इतर कशाहीपेक्षा हाच भाग महत्त्वाचा. निगिरी भाताच्या बाजूने बुडवली तर भात सॉस शोषून घेतो. उलटी धरून माशाची कड टेकवली की काम भागते. सॉस वाटीत ओतायचाच तर तळ झाकेल इतकाच. कमी सोडियमचा सॉस मिळाल्यास मीठ चाळीसेक टक्क्यांनी घटते, पण त्या आनंदात दुप्पट बुडवू नये.

मासा कोणता: ओमेगा-३ आणि पारा

सुशीचे खरे बलस्थान म्हणजे मासा, पण सगळे मासे सारखे नाहीत. सॅल्मन आणि मॅकरेलमध्ये ओमेगा-३ भरपूर. १०० ग्रॅम पाळीव सॅल्मनमध्ये ते दोन ग्रॅमच्या आसपास असते. दिवसाला पाव ग्रॅम पुरते असे धरले, तर आठवड्यातून एकदा सॅल्मनचे पोटभर जेवण झाले की आठवड्याची गरज भागते. कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस आणि लाल ट्यूना यांत प्रथिने चांगली, ओमेगा-३ कमी.

पाऱ्याचे गणित उलटे चालते. मोठा मासा लहान माशांना खातो, वर्षानुवर्षे जगतो, आणि त्याच्या मांसात मिथाइलमर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचे विषारी रूप, साठत जाते. शरीरात शिरलेल्यापैकी अर्धे बाहेर पडायलाच दीड-दोन महिने लागतात. म्हणून कधीतरी ट्यूना खाणारा आणि दर दोन दिवसांनी खाणारा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या यादीत सॅल्मन, कोळंबी, माकूळ, खेकडा आणि स्कॅलप निर्धास्त गटात आहेत, यलोफिन ट्यूना मधल्या गटात, तर सुशीत सर्रास वापरला जाणारा बिगआय ट्यूना गरोदर स्त्रिया व लहान मुलांनी टाळावा अशा गटात. तेव्हा ‘ट्यूना’ एवढेच लिहिले असेल तर कोणता ते विचारावे. उत्तर मिळाले नाही तर सॅल्मन घ्यावा.

कच्चा की शिजवलेला

आता ती भीती. समुद्री माशांत अॅनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो. जिवंत पोटात गेला तर काही तासांत असह्य कळा येतात. व्हिनेगर, सोया सॉस, वासाबीची तिखट चटणी यांपैकी कशानेही तो मरत नाही. तो मरतो गोठवल्याने: अमेरिकी नियमांप्रमाणे उणे २० अंश सेल्सियसला सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांना गोठवून त्याच तापमानात १५ तास. घरातल्या फ्रीजरचा भरवसा धरू नका. बाजारातून ‘ताजा’ म्हणून आणलेला मासा घरी कच्चा खाणे म्हणूनच जोखमीचे. इथे ताजेपणापेक्षा नीट गोठवलेला असणे महत्त्वाचे. गंमत म्हणजे सुशीत आज सगळीकडे दिसणारा कच्चा सॅल्मन जपानच्या परंपरेतला नाही. पॅसिफिकमधल्या सॅल्मनमध्ये कृमी असतात म्हणून तिथे तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने कोरड्या खाद्यावर वाढवलेला आपला पाळीव मासा जपानी बाजारात उतरवला, तेव्हा हे सुरू झाले.

गोठवल्याने कृमी मरतात, जीवाणू मरत नाहीत. लिस्टेरिया थंडीतही तग धरतो. त्यामुळे गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी कच्चा मासा टाळावा. त्यांच्यासाठी शिजवलेली कोळंबी, भाजलेला ईल (वाम मासा), अंड्याची तामागो, भाज्यांचे रोल आहेतच.

निरोगी माणसाने तरी कच्चाच का खावा? पोषणाच्या दृष्टीने फारसे कारण नाही. सॅल्मन वाफवला किंवा बेताने भाजला तर ओमेगा-३ चे नुकसान किरकोळच होते आणि प्रथिने तितकीच मिळतात. भाजलेला मासा, साधा भात आणि भरपूर भाजी असे ताट आठ निगिरींच्या शेजारी ठेवले, तर मीठ, साखर, तंतू आणि सुरक्षितता या चारही बाबतींत ताट पुढे आहे. निगिरी जिंकते ती चवीत, आणि तेल न वापरण्यात. चव हे खाण्याचे कारणच आहे, ते मी नाकारत नाही.

शाकाहारींची अडचण वेगळी. काकडी किंवा अॅव्होकाडोच्या रोलमध्ये प्रथिने तीन-चार ग्रॅमच, बाकी भात. तळलेल्या टोफूच्या खिशात भात भरलेली इनारी थोडी बरी, पण तो खिसा गोड-खारट पाण्यात शिजवलेला असतो. सोबत कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, म्हणजे एडामामे, घेतल्या तर जेवण सावरते. मासे खाणाऱ्यांनीही त्या घ्याव्यात. एका वाटी दाण्यांत सुमारे १७-१८ ग्रॅम प्रथिने आणि बरेच तंतू मिळतात.

मग किती वेळा?

आठवड्यातून दोनदा, सहा-आठ निगिरी, त्यात निम्मा सॅल्मन, ट्यूना एक-दोन तुकडे, सोबत शेंगा किंवा सॅलड, आणि मिसो सूप व सोया सॉस यांपैकी एकच. निरोगी माणसासाठी हे उत्तम जेवण आहे. तिसऱ्यांदा खावेसे वाटले तर शिजवलेल्या माशाची निवड करावी. तळलेले रोल महिन्यातून एखाद्या वेळी. रक्तदाब किंवा मधुमेहावर उपचार चालू असतील तर सुशीभाताऐवजी साशिमी आणि मोजका साधा भात, आणि सूपही नकोच.

तयार डबे घेणाऱ्यांसाठी आणखी एक. डब्यावरची तारीख बघून तो थंड ठेवायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. फ्रीजमध्ये भात कडक होतो म्हणून डबा बाहेर ठेवायची युक्ती लोक करतात, पण कच्चा मासा असलेल्या डब्याला ती लावू नये. भाज्यांचा रोल दुसऱ्या दिवशी कोरडा लागेल इतकेच, माशाची निगिरी उरली तर टाकून द्यावी.